अँपिअर तेच, ईएससी वेगळा: विमानाचा की बोटीचा?

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रिमोटच्या बोटीतल्या ब्रशलेस मोटरसाठी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर) मागितला की बहुतेक वेळा ड्रोनचा किंवा रिमोटच्या विमानाचाच पुढे येतो. तीन तारा मोटरला, दोन बॅटरीला, एक बारीक केबल रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरला. बोटीच्या ईएससीलाही एवढ्याच तारा. विमानाचा ईएससी बोटीत जोडला तर मोटर फिरतेही. फरक कळतो तो बोट पाण्यात काही मिनिटं जोरात पळाल्यावर.

विमानाच्या ईएससीवर छापलेला ६० अँपिअरचा आकडा वाऱ्याच्या भरवशावरचा असतो. प्रोपेलरचा झोत त्याच्यावरून सतत जातोय, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. बोटीत तोच ईएससी झाकणाखाली, कडेला टेप लावून बंद केलेल्या हलमध्ये, म्हणजे बोटीच्या धडात, बसतो. तिथे वारा कुठला? बोटीच्या ईएससीला धातूच्या दोन नळ्या असतात. मागच्या बाजूने घेतलेलं पाणी सिलिकॉनच्या नळीतून तिथे येतं, उष्णता उचलतं आणि हलच्या बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. तेच पाणी मोटरलाही द्यायचं असेल तर आधी ईएससीतून, मग मोटरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमधून न्या. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, बंद हलमधली हवा आधीच तापलेली असते. तेव्हा ईएससी घेताना अँपिअरच्याही आधी उष्णता बाहेर कशी जाणार ते विचारा.

दुसरा फरक शून्याच्या जागेचा. विमानाच्या ईएससीत रिमोटची स्टिक तळाशी म्हणजे शून्य, आणि रिव्हर्स सहसा नाहीच. रिव्हर्स असलेल्या बोटीच्या ईएससीत शून्य मधोमध. विमानाचा ईएससी ट्रिगरच्या रिमोटला जोडला की ट्रिगर मोकळा असतानाच त्याला अर्धा थ्रॉटल, म्हणजे अर्ध्या वेगाची आज्ञा, दिसतो; तो नुसता बीप करतो, मोटर सुरू करत नाही. तो बिघडलेला नसतो. ट्रिगर पूर्ण दाबलेला आणि पूर्ण मोकळा, अशा दोन टोकांवर थ्रॉटल कॅलिब्रेट केला, म्हणजे ही टोकं ईएससीला ओळखायला लावली, की चालतो. वेगवान बोटींच्या बऱ्याच ईएससीतही रिव्हर्स नसतो, ते घेण्याआधी पाहा.

मोटरचंही तसंच. इनरनरचा, म्हणजे आतला भाग फिरणाऱ्या मोटरचा, बाहेरचा डबा स्थिर असतो, म्हणून त्यावर पाण्याचं जॅकेट चढतं. आउटरनरचा डबाच फिरतो, त्यामुळे त्याला फार तर मागच्या बैठकीतून थंड करता येतं. संथ चालणाऱ्या स्केल बोटीला (खऱ्या बोटीच्या छोट्या प्रतिकृतीला) आउटरनर उत्तम: १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) २२१२ मोटर ३ सेलच्या बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टला, विनाभार मिनिटाला ११,१०० फेरे घेते. आकड्यांत मात्र फसू नका. इनरनरवरचा ३६५० म्हणजे डबा ३६ मिमी व्यासाचा, ५० मिमी लांबीचा. २२१२ मधले २२ आणि १२ हे आतल्या स्टेटरचं, म्हणजे न फिरणाऱ्या गाभ्याचं, माप आहे.

सगळ्यात जास्त ईएससी जळतात ते हिशेब न करता सेल वाढवल्याने. पाण्यातल्या प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाने वाढते. तीच मोटर, तोच प्रोपेलर ठेवून २ सेलवरून ३ सेलवर गेलात तर फेरे दीडपट, शक्ती जवळजवळ ३.४ पट आणि करंट सव्वादोनपट. म्हणजे २० अँपिअरचे ४५ झाले! बोट पाण्यावर उचलली गेली की आकडा थोडा उतरतो, पण सुटतानाचा झटका ईएससीलाच सोसावा लागतो. प्रोपेलर ३५ मिमीचा ४० केलात तर त्याच फेऱ्यांना जवळपास दुप्पट शक्ती लागते.

म्हणून बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर (करंट आणि शक्ती दाखवणारं मीटर) लावा, बोट टबात धरून ठेवा आणि पाच-सात सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. जास्त वेळ नको, कारण उभ्या बोटीत थंड करणारं पाणी फिरत नाही. प्रोपेलर पूर्ण बुडालेला असेल तर मिळणारा करंट जवळजवळ कमाल असतो. तिथे ४० अँपिअर दिसले तर बोटीचा ६० चा ईएससी घ्या. विमानाचाच वापरायचा असेल तर संथ बोटीत, छापील आकड्याच्या निम्म्यावर चालवा, वर ॲल्युमिनियमची पट्टी बसवा आणि सर्किटला पाणीरोधक लेप द्या.

तारा लांबवायची वेळ आली तर मोटरकडच्या लांबवा. बॅटरीकडची तार लांबली की ईएससीच्या कपॅसिटरवर व्होल्टेजचे झटके बसतात आणि तो फुगतो. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. बॅटरीच्या कधीच नाही.

संक्रांतीनंतर तलावात तुटलेला नायलॉन मांजा असतोच. तो प्रोपेलरच्या शाफ्टला गुंडाळला की मोटर अडते, करंट एकदम चढतो आणि ईएससी जातो. वेग अचानक पडला, तर थ्रॉटल आणखी दाबू नका. सोडा आणि बोट काठाला ओढून घ्या. बाजूच्या भोकातून पाण्याची धार येत नसेल तरीही थांबा. बहुधा पाणी घेणाऱ्या तोंडात शेवाळ अडकलेलं असतं. नळीचं टोक काढून उलटी फुंकर मारली की निघतं.