सतरा वर्षांचा सेंटर: उंच मुलं निवडताना कॉलेजं का चुकत आली

अमेरिकेत जुलै महिन्यात ठरावीक दिवस असे असतात, की कॉलेजच्या बास्केटबॉल कोचना शाळकरी खेळाडूंना प्रत्यक्ष पाहायला जाता येतं. एका भल्यामोठ्या हॉलमध्ये एकाला लागून एक कोर्ट मांडलेली असतात आणि कडेला कोच खुर्च्या टाकून बसलेले असतात. ज्या कोर्टावर ६ फूट १० इंच उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच मुलगा, उतरतो, तिथल्या खुर्च्या बघताबघता भरतात. पण जाणता कोच त्या मुलाचा हात रिंगच्या किती वर जातो ते फारसं बघत नाही. तो खाली, पायांकडे बघतो. मुलगा उडी मारून जमिनीवर आला, की लगेच दुसरी उडी मारू शकतो का? की मध्ये एकदा गुडघे वाकवून दम घ्यावा लागतो? बॉल हातात आल्यावर तो छातीशी वरच ठेवतो, की सवयीनं कमरेपर्यंत खाली आणतो आणि एखादा बुटका गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा खेळाडू, तो हिसकावून नेतो?

हे बघायची नजर कोचना एका दिवसात आली नाही. तिच्यामागे जवळजवळ ८० वर्षांच्या चुका आहेत.

सुरुवात जॉर्ज मायकनपासून करावी लागते. इलिनॉयमधल्या जोलिएट गावचा हा मुलगा ६ फूट १० इंच उंच, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि चालताना अडखळणारा. तो काळच असा होता, की इतका उंच मुलगा धड धावू शकणार नाही असं सगळे गृहीत धरत. अशा मुलांना नावंही ठेवली जात. मायकननं नोत्र दाम विद्यापीठाच्या कोचपुढे चाचणी दिली आणि तिथून त्याला परत पाठवलं गेलं. त्याच सुमारास तिथं सहायक असलेले रे मेयर १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल कॉलेजचे मुख्य कोच झाले आणि हाच मुलगा त्यांच्या हाती आला. मेयरनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंगचा सराव दिला, चक्क नाचाच्या शिकवणीला पाठवलं. का, तर पायांना ताल यावा म्हणून.

त्यातूनच एक सराव तयार झाला. आज जगभर तो ‘मायकन ड्रिल’ म्हणून ओळखला जातो. बास्केटच्या अगदी खाली उभं राहायचं. उजव्या बाजूनं उजव्या हातानं बॉल टाकायचा, तो जाळीतून पडताना जमिनीला लागू न देता झेलायचा, एक पाऊल डावीकडे टाकून डाव्या हातानं टाकायचा, पुन्हा उजवीकडे. बॉल खांद्याच्या खाली येऊ द्यायचा नाही. दिसायला हे पोरखेळ वाटतं, पण पहिल्या मिनिटातच खांदे भरून येतात. मुलाचा कमजोर हात कोणता आणि पाऊल चुकीचं कुठं पडतं, हेही तेवढ्यातच समोर येतं. आजही एखाद्या नवख्या उंच मुलाची पारख करायची असेल, तर कोच आधी हेच करायला लावतात.

मायकन आणि ओक्लाहोमा ए अँड एमचा सात फुटी बॉब कर्लंड या दोघांनी बास्केटकडे खाली येत असलेले बॉल हातानं उडवायला सुरुवात केली, तेव्हा १९४४ साली कॉलेजच्या नियमांत ते बंद करावं लागलं. कर्लंडच्या संघानं १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ज्यांना ‘बेढब’ म्हणून बाजूला सारलं होतं, त्यांच्यासाठी नियम बदलण्याची वेळ आली. मग सगळीकडून उंच मुलांचा शोध सुरू झाला, आणि चुकांचा दुसरा प्रकारही तिथूनच सुरू झाला. आधी उंची म्हणजे उणेपणा मानत होते, आता उंची म्हणजेच खेळ असं मानू लागले.

काही मुलांच्या बाबतीत चुकायला जागाच नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रुक हायस्कूलमधल्या विल्ट चेंबरलेनच्या मागे २०० हून अधिक कॉलेजं लागली होती. १९५५ साली त्यानं एका शालेय सामन्यात ९० गुण केले होते. न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेचा लू अल्सिंडॉर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याच्या संघानं सलग ७१ सामने जिंकले. ती मालिका जानेवारी १९६५ मध्ये डीमॅथा शाळेनं ४६-४३ अशी मोडली. अल्सिंडॉरच्या हाताचा अंदाज यावा म्हणून डीमॅथाचे कोच मॉर्गन वूटन यांनी सरावात आपल्या मुलांसमोर टेनिसची रॅकेट वर धरून खेळाडू उभे केले होते. अशा मुलाला ओळखायला पारखी नजर लागत नाही.

नजर लागते ती बिल रसेलसारख्यासाठी. ऑकलंडच्या मॅक्लिमंड्स हायस्कूलमध्ये तो कनिष्ठ संघातूनही जवळजवळ वगळला गेला होता. संघाकडे गणवेश १५ आणि मुलं १६. शेवटचा गणवेश रसेल आणि दुसरा एक मुलगा आळीपाळीनं घालत. शाळा संपताना त्याला एकाच विद्यापीठाकडून स्कॉलरशिप मिळाली, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोकडून. या कॉलेजकडे त्या वेळी स्वतःचं जिमसुद्धा नव्हतं. कॉलेजसाठी खेळाडू हेरणारे हॅल डीज्युलिओ यांनी त्याला पाहिलं, तेव्हा त्याचा नेम यथातथाच होता, मूलभूत कौशल्यंही कच्चीच होती. पण सामना अटीतटीला आला की हा मुलगा नेमका हव्या त्या जागी असतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं. १९५५ आणि १९५६ ची राष्ट्रीय विजेतेपदं सॅन फ्रान्सिस्कोकडे गेली. त्या एका निरीक्षणाइतकी मोलाची नोंद कॉलेज भरतीच्या इतिहासात मला दुसरी दिसत नाही. गुण, रिबाउंड (हुकलेला शॉट परत झेलणं), उंची, यातलं काहीच डीज्युलिओंच्या बाजूनं नव्हतं.

१९६०च्या दशकात हा शोध धंदेवाईक झाला. न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकल यांनी शाळकरी खेळाडूंचे अहवाल छापून कॉलेजांना विकायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये ‘फाइव्ह-स्टार’ हे उन्हाळी शिबिर काढलं. तोपर्यंत कोच आपापल्या भागातली पोरं बघत. आता एका ठिकाणी सगळी दिसू लागली आणि त्यांची एकमेकांशी तुलना होऊ लागली. पुढं बूट बनवणाऱ्या कंपन्यांची शिबिरं आली, त्यानंतर इंटरनेटवरच्या याद्या. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारे आणि देशातला क्रमांक लागला. गार्डसाठी ही पद्धत बऱ्यापैकी चालते; सतराव्या वर्षी जो चलाख आहे तो एकविसाव्या वर्षीही बहुधा चलाख असतो. सेंटरच्या बाबतीत ती वारंवार फसली.

याचं कारण शरीरातच आहे. ज्याची उंची एकदम वाढते, त्याचं शरीर स्वतःलाच परकं होतं. हात कुठं संपतात, पाऊल कुठं पडेल, याचा मेंदूतला हिशेब पुन्हा मांडावा लागतो. स्नायू मागाहून भरतात. शिवाय शाळेतल्या सामन्यांत त्याच्यासमोर साडेसहा फुटी मुलगासुद्धा क्वचित असतो, त्यामुळे नुसता हात वर करून गुण मिळतात आणि पायांना काही शिकावंच लागत नाही. एकाला उंची लवकर येऊन खेळ मागं राहतो, दुसऱ्याला खेळ आधी येऊन उंची मागाहून येते. सतराव्या वर्षी काढलेल्या यादीत दोघंही चुकीच्या जागी असतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. सेंटरचे पाय मात्र बऱ्याचदा विशी ओलांडल्यावरच दिसतात.

डेव्हिड रॉबिन्सनचं उदाहरण घ्या. व्हर्जिनियातल्या शाळेत तो जेमतेम एक वर्ष बास्केटबॉल खेळला. गणितात हुशार, म्हणून १९८३ मध्ये नौदलाच्या अकादमीत गेला, तेव्हा तो साडेसहा फुटांच्या आसपास होता. तिथं तो वाढतच गेला, सात फुटांवर पोचला आणि १९८७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगसाठी नवे खेळाडू निवडताना, पहिला निवडला गेला. टिम डंकन व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट क्रॉइ बेटावरचा जलतरणपटू. १९८९ च्या ह्यूगो वादळानं बेटावरचा मोठा तलाव उद्ध्वस्त केला नसता, तर तो बहुधा पोहतच राहिला असता. नववीत त्यानं बास्केटबॉल हाती घेतला, वेक फॉरेस्टला गेला, पूर्ण चार वर्षं थांबला आणि १९९७ मध्ये तोही पहिला. हकीम ओलाजुवान लागोसमध्ये हँडबॉल आणि फुटबॉल खेळत वाढला. १९८० मध्ये तो ह्यूस्टनला पोचला, तेव्हा विमानतळावर त्याला घ्यायलाही कुणी आलं नव्हतं. पहिलं वर्ष त्याला सामन्यांपासून दूर ठेवून नुसता सराव दिला गेला. पुढं १९८२ ते १९८४ ह्यूस्टन दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होतं. हँडबॉलच्या गोलवरची ती चपळ पावलं कुठल्याच शालेय आकडेवारीत नव्हती.

मार्क ईटनची हकीकत तर यादीबाहेरचीच म्हणायची. ७ फूट ४ इंच उंच, शाळेत फारसा न खेळलेला, कॅलिफोर्नियात मोटारी दुरुस्त करणारा मेकॅनिक. सायप्रस कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे आणि तिथंच सहायक कोच असलेले टॉम लुबिन यांनी त्याला गॅरेजमध्ये पाहिलं आणि कोर्टावर आणलं. पुढं यूसीएलए विद्यापीठात तो बहुतेक बाकावरच बसला. पण १९८४-८५ च्या एनबीए हंगामात त्यानं ४५६ शॉट ब्लॉक केले, आणि तो विक्रम अजून उभा आहे.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि ती मनाला जास्त लागतात. इंडियानापोलिसच्या ग्रेग ओडेननं शाळेला सलग तीन राज्य विजेतेपदं मिळवून दिली. ओहायो स्टेट कॉलेजसाठी २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात २५ गुण आणि १२ रिबाउंड घेतले. त्याला निवडणाऱ्यांनी खेळ ओळखण्यात काहीच चूक केली नव्हती. गुडघे मात्र कुणाला वाचता आले नाहीत. एनबीएमध्ये तो एकूण १०५ सामनेच खेळू शकला. तेव्हापासून वैद्यकीय तपासणी, धावण्याची ढब, उडीनंतर गुडघा आत वळतो का, हे सगळं पारखण्याचा भाग झालं.

दरम्यान खेळही बदलत गेला. १९८६-८७ पासून कॉलेजमध्ये तीन गुणांची रेषा सर्वत्र आली. मग गार्डला मोकळं करण्यासाठी सेंटरनं पुढं येऊन आडोसा द्यायचा आणि लगेच बास्केटकडे वळायचं, हा पिक अँड रोल प्रत्येक संघाचा रोजचा डाव झाला. बचाव करणाऱ्या उंच मुलाला आता बास्केटखाली ठाण मांडून बसता येत नाही. गार्ड अंगावर धावून येतोय, पाठीमागे दुसरा सेंटर रिंगकडे निघालाय, आणि याला मागं सरकत दोघांनाही अर्धं-अर्धं अडवायचंय. एक पाऊल घाईनं पुढं टाकलं की मागून डंक, म्हणजे बॉल थेट रिंगमध्ये कोंबला जातो, एक पाऊल उशिरा टाकलं की समोरून सोपा शॉट. जुलैच्या त्या खुर्च्यांवरून कोच सर्वांत जास्त बघतात ते हेच दोन सेकंद. पूर्वीच्या अहवालांत पाठीमागे बचावपटू घेऊन हुक शॉट (हात डोक्यावरून वळवून टाकलेला बॉल) मारता येतो का, याला पहिली जागा असे. आता ती मागं गेली आहे.

अँथनी डेव्हिसचं नशीब या बदलाशी जुळलं. शिकागोतल्या एका लहानशा शाळेत तो ६ फूट २ इंचांचा गार्ड होता. दीड-दोन वर्षांत तो ६ फूट १० इंचांवर गेला, आणि गार्डचा हात व डोळा त्याच्याकडे तसाच राहिला. एका वसंतात तो अनोळखी मुलाचा देशातला अव्वल खेळाडू झाला. २०१२ च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याचा दहापैकी एकच शॉट जाळीत गेला, गुण फक्त ६, तरी १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉकच्या जोरावर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

भारताचा धागाही याच गोष्टीत येतो. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१० मध्ये चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. ७ फूट २ इंचांचा हा मुलगा कॉलेज न खेळताच २०१५ च्या ड्राफ्टमध्ये उतरला आणि डॅलस संघानं त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं; ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. मला राहून राहून वाटतं, की ज्या वयात डंकन आणि ओलाजुवान कॉलेजच्या कोर्टावर चुका करत शिकत होते, ती वर्षं सतनामला मिळायला हवी होती.

त्याच अकादमीतून पुढं झॅक एडी आला. टोरांटोचा ७ फूट ४ इंचांचा मुलगा. आइस हॉकी आणि बेसबॉलवर जीव, बास्केटबॉल हाती घेतला तो हायस्कूलमध्ये गेल्यावर. २०२० च्या राष्ट्रीय यादीत तो ४०० च्याही खाली होता. पर्ड्यूचे मॅट पेंटर यांनी त्याला घेतलं आणि घाई केली नाही. पहिल्या वर्षी सामन्यात सरासरी १५ मिनिटंसुद्धा नाही, दुसऱ्या वर्षी ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर वाटून घेतलेला वेळ. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू तोच. सलग दोनदा हा मान त्याच्याआधी मिळाला होता तो व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनला, ४० वर्षांपूर्वी. विस्कॉन्सिनचा फ्रँक कामिन्स्कीही असाच: पहिल्या वर्षी सरासरी १.८ गुण, चौथ्या वर्षी १८.८ आणि देशातला सर्वोत्तम.

कामिन्स्कीनं तो मान २०१५ मध्ये मिळवला. त्यानंतर भरतीचं गणितच उलटलं. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झालं, २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर, म्हणजे जाहिरातींतून वगैरे, कमाई करता येऊ लागली. २०२५ पासून कॉलेजं थेट मानधनही देऊ शकतात आणि अशा कॉलेजांच्या संघात १५ च जागा असतात. कोचसमोर एका बाजूला सतरा वर्षांचा, पाय अजून सापडायचे असलेला मुलगा असतो. दुसऱ्या बाजूला तीन हंगाम खेळलेला, शरीर भरलेला बावीस वर्षांचा सेंटर, जो याच नोव्हेंबरात, हंगाम सुरू होताच, उपयोगी पडेल. बहुतेक कोच दुसऱ्याला घेतात, आणि नोकरी टिकवायची असेल तर त्यांचंही चुकतं असं म्हणता येत नाही. पहिला मुलगा मग लहान कॉलेजात जातो. तिथं बहरला तर दोन वर्षांनी मोठं कॉलेज त्याला पैसे देऊन उचलतं. शिकवलेलं असतं लहान कॉलेजच्या कोचनं, रोज सकाळी, बास्केटखाली, उजवा हात, डावा हात.