खुब्याच्या अस्थिभंगातील नर्व्ह ब्लॉक

खुब्यापाशी ऊर्वस्थी (मांडीचे हाड) मोडलेल्या वृद्ध रुग्णाच्या वेदना शमवण्यासाठी जांघेतील तंत्रिकांभोवती (मज्जातंतूंभोवती) बधिर करणारे औषध टोचण्याची पद्धत. मुख्य उपयोग शस्त्रक्रियेआधीच्या तासांत होतो : अपघात विभागात, क्ष-किरण चित्र काढताना, आणि कण्यातील भूल देण्यासाठी रुग्णाला कुशीवर वळवताना किंवा बसवताना. शस्त्रक्रियेची भूल म्हणून हा ब्लॉक एकटा पुरत नाही.

उतारवयात मॉर्फिनने श्वास मंदावणे, बद्धकोष्ठ आणि भ्रम हे त्रास वाढतात. दाहशामक वेदनाहारके मूत्रपिंडांना व जठराला झेपत नाहीत. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत ही दाहशामके वर्ज्य ठरवली आहेत. पॅरासिटामॉल व अफूजन्य औषधांनी भागत नसेल, किंवा अफूजन्य औषधांची मात्रा कमी ठेवायची असेल, तर ब्लॉकचा विचार करावा, असे ती सांगते.

तंत्रिका व मतभेद : सांध्याच्या संपुटाच्या (सांध्याभोवतीच्या पिशवीसारख्या आवरणाच्या) पुढील भागात वेदनाग्राही तंतू दाट असून ते फेमोरल (मांडीच्या पुढील भागाची), ऑब्च्युरेटर (मांडीच्या आतील भागाची) आणि काही व्यक्तींतच आढळणाऱ्या उप-ऑब्च्युरेटर तंत्रिकेच्या शाखांतून येतात. मागील भागाला मुख्यतः त्रिक जाळ्याच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या तंत्रिकाजाळ्याच्या) शाखा पुरवठा करतात. जांघेतून दिलेले औषध तेथे पोहोचत नाही. शिकागोचे भूलतज्ज्ञ ॲलॉन विनी यांनी 1973 मध्ये ‘थ्री-इन-वन’ ब्लॉक मांडला. फेमोरल तंत्रिकेच्या आवरणात पुरेसे औषध सोडले की ते वर कटिजाळ्यापर्यंत (कमरेतील तंत्रिकाजाळ्यापर्यंत) चढते आणि फेमोरल, ऑब्च्युरेटर व मांडीच्या बाहेरील बाजूची त्वचातंत्रिका अशा तिन्ही बधिर होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील एमआरआय अभ्यासांनी त्याला फारसा आधार दिला नाही. औषध वर चढण्याऐवजी बाजूंना पसरते असे दिसले. फ्रान्सच्या दालेन्स व सहकाऱ्यांनी 1989 मध्ये लहान मुलांमध्ये फॅसिया इलियाका ब्लॉक (श्रोणीच्या आतील स्नायूवरच्या पातळ आवरणाखाली औषध सोडण्याची पद्धत) वर्णिला. वृद्धांसाठी सर्वाधिक रुळलेली पद्धत मुळात बालरुग्णांसाठी होती, हे लक्षणीय आहे. या ब्लॉकचे औषधही ऑब्च्युरेटर तंत्रिकेपर्यंत खात्रीने पोहोचते काय, हा वाद मिटलेला नाही. जुन्या यशाच्या नोंदी बऱ्याचदा मांडीच्या आतील त्वचेच्या बधिरतेवर आधारलेल्या आहेत. हा निकष कच्चा होय, कारण अनेकांत ऑब्च्युरेटर तंत्रिकेची त्वचाशाखा तेथे नसतेच. खरी कसोटी मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंच्या बळाची; पण मोडलेल्या पायावर ती घेणार कशी? ऑस्ट्रेलियातील हेबर्ड यांनी 2011 मध्ये सोनोग्राफीच्या साहाय्याने जांघेच्या अस्थिबंधाच्या वर औषध सोडण्याचा मार्ग सुचवला. पसरण्याच्या दृष्टीने तो अधिक सयुक्तिक वाटतो. 2018 मध्ये टोरांटोतून ‘पेंग’ (संपुटाभोवतीच्या तंत्रिकांचा) ब्लॉक आला. त्यात सोआस स्नायूचा (कण्यापासून मांडीकडे जाणाऱ्या स्नायूचा) कंडरा व जघनास्थी (ओटीपोटाखालचे हाड) यांच्यामध्ये सुमारे 20 मिलि. औषध सोडून केवळ संपुटाच्या शाखा गाठण्याचा हेतू असतो. मांडीचे स्नायू त्यात कमी ढिले पडतात, असे मानले जाते. मात्र औषध जास्त झाल्यास तेही ढिले पडू शकतात.

पद्धत : सोनोग्राफी नसल्यास श्रोणीचा पुढचा वरचा उंचवटा आणि जघनास्थीचा गुटिका-उंचवटा जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग करतात. बाहेरील व मधल्या तृतीयांशाच्या संधीखाली सुमारे 1 सेंमी. अंतरावर बोथट सुई घातली असता दोन प्रावरणी (स्नायूंवरील पातळ आवरणे) भेदल्याचे दोन हलके झटके हाताला जाणवतात. फॅसिया इलियाकासाठी 30–40 मिलि. विरल औषध लागते, म्हणून एकूण मात्रा वजनाप्रमाणे मोजणे अगत्याचे. ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधासाठी साधारण 2 मिग्रॅ. प्रतिकिलो ही मर्यादा धरतात. कृश वृद्धेत ती लवकर गाठली जाते. औषधबाधा झाल्यास 20 टक्के स्निग्ध पायस (पाण्यात मिसळलेले चरबीचे सूक्ष्म थेंब) शिरेतून देतात.

परिणाम : 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) 49 चाचण्या समाविष्ट आहेत. ब्लॉकनंतर 30 मिनिटांत हालचालीच्या वेळच्या वेदना घटतात आणि तीव्र भ्रम कमी आढळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. मृत्युदराविषयी ठाम विधान करता येत नाही.

टोचण्याच्या जागी जंतुसंसर्ग, औषधाची ॲलर्जी किंवा रुग्णाचा नकार असल्यास ब्लॉक देत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना कण्यातील भूल पुढे ढकलावी लागते, पण जांघेतील ब्लॉकची जागा दाबून धरता येत असल्याने त्याबाबत तितका कडक नियम नाही. मांडीचा स्नायू ढिला असेपर्यंत रुग्णाला आधाराशिवाय उभे करू नये.