रेस सोडू नकोस, मामा

पहिल्या संध्याकाळी इटलीतल्या मोन्झाच्या रेसिंग ट्रॅकवर मी अकरा वेळा गरगर फिरलो आणि एकही फेरी पुरी केली नाही. बसलो होतो मुलुंडला, ताईच्या घरी, भाच्याच्या अभ्यासाच्या टेबलापाशी, स्क्रीनवरच्या रेसिंग सिम्युलेटरसमोर. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं स्टिअरिंग, खाली लादीवर तीन पेडल, आणि ब्रेक दाबला की ती मागे सरकू नयेत म्हणून पेडल आणि भिंत यांच्यामध्ये आडवा घातलेला पाट. पंधरा वर्षांत त्या पाटावर बसून कोणी जेवलं नव्हतं, असं ताईचं म्हणणं.

गाडी भाच्याने मुद्दाम द्वाड निवडली होती. लोटस ४९, फॉर्म्युला वनची जुनी रेसिंग गाडी. ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झांडफूर्टच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली आणि तिचा ड्रायव्हर जिम क्लार्क याने त्याच दिवशी जिंकून दाखवली. तीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे ४०० हॉर्सपॉवर, आणि अख्ख्या गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास. म्हणजे किलोमागे ०.८ हॉर्सपॉवर. सोसायटीच्या पार्किंगमधल्या साध्या हॅचबॅकच्या वाट्याला किलोमागे ०.१ च्या आसपास येते. त्यात या गाडीला पंख नाहीत. हवेच्या जोरावर गाडी जमिनीला दाबून धरणारे पंख फॉर्म्युला वनमध्ये आले ते १९६८ साली. इथे सगळा भरवसा चार टायरांवर, आणि टायर जमिनीला टेकतो तो भाग साधारण तळहाताएवढा.

मोन्झाचं शेवटचं वळण म्हणजे पॅराबोलिका, उजवीकडे वळणारं, लांबलचक. मी आत शिरलो, वेग जास्त वाटला आणि कोणीही शहाणा माणूस जे करेल तेच केलं. रेस सोडली, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीचं बूड डावीकडे निघालं, झाडं स्क्रीनवरून सर्रकन आडवी गेली आणि मी आलो त्या रस्त्याकडे तोंड करून गवतात उभा. "रेस सोडू नकोस, मामा!" हे वाक्य त्या तासाभरात मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी स्वयंपाकघरातून ताईही तेच ओरडायला लागली.

तर रेस का सोडायची नाही? लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लागला की उभी गर्दी पुढच्या माणसावर रेलते. गाडीचं वजनही असंच रेलतं. रेस सोडली की इंजिन मागच्या चाकांना ओढून धरतं, वेग कमी होतो आणि भार पुढच्या टायरांवर जातो. पुढच्यांची पकड वाढते, मागच्यांची घटते. वळणात गाडीचं नाक जोमाने आत वळतं आणि हलकं झालेलं बूड बाहेर फेकलं जातं. पाय थोडा दाबून ठेवला तर भार मागे राहतो आणि बूड बसतं. जास्त दाबला तर मागची चाकं जागच्या जागी फिरून पकड घालवतात. या दोन्हींच्या मधली पट्टी फार अरुंद. म्हणूनच ही गाडी स्टिअरिंगने जेवढी वळते तेवढीच उजव्या पायाने वळते, असं भाचा म्हणतो. आधी मला ही पोराची फुशारकी वाटली होती.

टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. त्यातूनच वळायचं, त्यातूनच ब्रेक मारायचा, त्यातूनच वेग वाढवायचा. फक्त इथला हिशेब साध्या वजाबाकीचा नाही, पायथागोरसचा आहे. वळण्यात ८० टक्के खर्च केले तर ब्रेकसाठी २० नाही, चक्क ६० टक्के उरतात, कारण ०.८ चा वर्ग ०.६४, ०.६ चा वर्ग ०.३६, आणि बेरीज १. वळण्यात ९५ टक्के गेले तरी ३१ टक्के हातात असतात. पण शेवटचे पाच टक्केही वळण्यातच घालवले की ते ३१ टक्केही गेले. अशा वेळी ब्रेकवर नुसता अंगठा टेकला तरी उधारी सुरू. खऱ्या टायरचं गणित याहून किचकट असतं, पण अंदाजाला हे पुरतं.

आता शेपूट सुटलीच तर सावरायची कशी? खालच्या मजल्यावरच्या काकांनी माझ्या पेडलच्या दणदणाटाला कंटाळून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, त्यावरून मला एक जुना प्रयोग आठवला. मीटरभर लांबीची काठी तळहातावर उभी धरून बघा. थोड्या सरावाने जमतं. मग १५ सेंटिमीटरची पेन्सिल घ्या. ती काही केल्या उभी राहत नाही. काठी काय, पेन्सिल काय, दोन्हींना पडायचंच असतं. पण पेन्सिल साधारण अडीचपट लवकर पडते. डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात पेन्सिलचं काम आटोपलेलं असतं. बूड सुटलेली गाडीही अशीच पडत्या काठीसारखी. कोन थोडा वाढला की तो स्वतःच आणखी वाढू बघतो. ताशी १८० किलोमीटरला सेकंदात ५० मीटर जातात, म्हणजे ०.२ सेकंदात १० मीटर. तेवढं अंतर गाडी कोणाच्याही सांगण्यावरून चालत नसते.

खऱ्या गाडीत बसलेल्याला निदान एक आधार असतो, त्याचं शरीर. बूड सुटतं तेव्हा आधी बसतो हिसका, म्हणजे त्वरण. हिसका साठून फिरण्याचा वेग होतो आणि वेग साठून कोन. डोळ्याला दिसतो तो कोन, म्हणजे सगळ्यात शेवटची बातमी. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना मात्र गाडी फिरू लागली की लगेच कळतं. मान वळली तरी नजर स्थिर ठेवण्यासाठी त्यांच्याकडून डोळ्यांच्या स्नायूंना जाणारा निरोप सुमारे १० मिलिसेकंदांत पोचतो. शिवाय पाठ आणि मांड्या सीटवर घासतात, त्यांचंही काहीतरी म्हणणं असतंच. मुलुंडच्या खुर्चीत यातलं काही नाही. डोळे सांगतात की आपण फिरतोय, कान सांगतात की आपण ढिम्म बसलोय. शेजारची फास्ट सुटली की आपलीच स्लो मागे चालली असं क्षणभर वाटतं ना, तोच हा घोळ, फक्त अर्धा तास चालणारा. पहिल्या दिवशी मला मळमळलं ते यामुळेच. ताईने कोकम सरबत दिलं आणि वर दोन वाक्यं ऐकवली.

शरीराला फसवायचा उद्योग जुना आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाच्या घरचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा धंदा होता. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते वापरून एक छोटं बुटकं विमान डुलवलं आणि वैमानिकांना जमिनीवर बसून उडायला शिकवलं. पेटीचा भाता ज्याने मारलाय त्याला ही कल्पना लगेच पटेल. आजच्या मोठ्या रेसिंग टीमकडे हलणारी सिम्युलेटर असतात. भाच्याकडे मात्र फक्त स्टिअरिंगमधली एक मोटर आहे, आणि गंमत म्हणजे महत्त्वाची बातमी तीच आधी देते.

वळताना टायरचा टेकलेला भाग थोडा पिळला जातो आणि बाजूचं बल त्या तळहाताएवढ्या तुकड्याच्या मागच्या अंगाला जास्त लागतं. त्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं आणि हाताला स्टिअरिंग जड लागतं. पकड संपत आली की तुकड्याचा मागचा भाग आधी घसरू लागतो, बलाचं केंद्र पुढे सरकतं आणि स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. हे होतं तेव्हा एकूण पकड अजून वाढतच असते! पुढच्या टायरांची पकड संपणार असल्याची वर्दी ती संपण्याआधीच हातात येते. दहा-बारा दिवस मला हे जाणवलंच नाही, कारण मी चाक असं आवळून धरत होतो जसा काही कोणी ते हिसकावून नेणार होता.

बूड सुटलं की याच्या उलट होतं. पुढची चाकं गाडी खरोखर ज्या दिशेला चालली आहे तिकडे आपली आपण वळू बघतात, मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकांसारखी. "धरू नको, फिरू दे," भाचा सांगत होता. मी हात सैल सोडले आणि स्टिअरिंग स्वतःच डावीकडे सरसर फिरलं. गाडी सावरली. अर्धा सेकंद मी जिम क्लार्क होतो. मग बूड उलट्या बाजूला सुसाट आलं आणि मी दुसऱ्या बाजूच्या गवतात. शेपूट परत येऊ लागली की गाडी सरळ व्हायची वाट न बघता स्टिअरिंग तिच्याआधी सरळ करावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे भाच्याने सांगितलं होतं, पण हातांना कळलं नव्हतं.

हातांना कळतं म्हणजे नेमकं काय होतं? रोज एकच लोकल पकडणारा माणूस बघा. हातात कडी नसते, एका हाताने मोबाइल चालू असतो, आणि दादर यायच्या आधी, ब्रेक लागायच्या क्षणभर आधी, त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलेलं असतं. सांधा बदलताना डब्याला कुठे हिसका बसतो ते त्याच्या गुडघ्यांना पाठ असतं. तो धक्क्याला उत्तर देत नाही, धक्क्याला आधीच गाठतो. शास्त्रज्ञ म्हणतात की मेंदू अशा वेळी जगाची एक चालती प्रतिकृती ठेवतो: मी हे केलं तर पुढे ते होईल. अंदाज चुकला की चुकीएवढी दुरुस्ती त्या प्रतिकृतीत होते, आणि या कामात लहान मेंदूचा मोठा हात असतो. ०.२ सेकंदांचा उशीर कोणाचाच सुटत नाही, जिम क्लार्कचाही सुटला नसणार. उशीर आहे हे धरूनच चालवावं लागतं.

डोळेही हेच करतात. मायकेल लँड आणि बेंजामिन टॅटलर यांनी २००१ मध्ये टॉमस शेक्टर या रेसिंग ड्रायव्हरची नजर आणि डोकं गाडी चालवताना कुठे वळतं ते मोजलं. त्याचं डोकं किती वळलंय त्यावरून गाडी साधारण एका सेकंदानंतर किती वेगाने वळत असेल ते सांगता येत होतं. मी मात्र बॉनेटच्या पुढची पाच मीटर बघत होतो, खड्डे चुकवायची मुंबईकर सवय. भाच्याने स्क्रीनच्या खालच्या भागावर वर्तमानपत्राची घडी चिकटवली. समोरचा रस्ता दिसेना, तेव्हा झक मारत लांब बघावं लागलं. त्या दिवशी पहिली फेरी पुरी झाली.

एका बाबतीत मात्र मी भाच्याला शिकवलं. तो एका संध्याकाळी चार-चार गाड्या चालवतो. १९९६ मध्ये ब्राशर्स-क्रुग, शॅडमेर आणि बिझी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या हातात रोबोचा दांडा, तो एका बाजूला ढकलणारा. माणसं थोड्या वेळात त्याला सरावतात. लगेच उलट्या बाजूला ढकलणारा दांडा दिला तर पहिलं शिकलेलं पुसट होतं, पण मध्ये चार तास गेले तर टिकतं. पुढे इतरांच्या प्रयोगांत हे चार तासांचं प्रकरण इतकं साफ उतरलं नाही. तरी मी तीन आठवडे लोटसशिवाय कशाला हात लावला नाही. रोज वीस मिनिटं, मग जेवण, मग झोप. भाचा हसला. हसू दे.

आणखी एक. हे सगळं बाहेर रस्त्यावर जसंच्या तसं वापरायला जाऊ नये. माझी हॅचबॅक पुढच्या चाकांनी ओढली जाते. पावसात वळणावर तिचं नाक बाहेर सरकायला लागलं तर तिथे रेस हळूच सोडणंच बरोबर. उजवा पाय तोच, धडा उलटा.

तिसऱ्या रविवारी पॅराबोलिकात बूड सुटलं, आणि सुटलं हे मला कळलं ते स्टिअरिंग आधीच डावीकडे गेलेलं आणि परत मध्ये येत असलेलं बघून. हात आपलं काम करून मोकळे झाले होते. पाय जागचा हलला नव्हता. भाचा काही बोलला नाही, फक्त त्याने वेफर्सची पिशवी पुढे केली. वेळ त्याच्यापेक्षा अजून नऊ सेकंदांनी जास्त होती, पण तो भाग वेगळा.

तेवढ्यात ताई आली. परवा गणपती, पाट धुऊन ठेवायचा होता. तिने वाकून तो काढून नेला. मी म्हटलं, एक फेरी तशीच मारून बघतो. सरळ रस्ता संपला, मी सवयीने ब्रेक दाबला, पेडल लादीवरून घसरत भिंतीला जाऊन आपटली, पाय हवेत, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "सोडलीस ना रेस?"