सही खरी, पण कशावर?

काही ईमेल उघडल्या की सुरुवातीलाच पाच आडव्या रेघांमध्ये 'बिगिन पीजीपी साइन्ड मेसेज' असं दिसतं. खाली साधा मजकूर आणि तळाशी अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा ठोकळा. हा ठोकळा म्हणजे डिजिटल सही. मजकुरातून एक छोटा आकडा, म्हणजे हॅश, काढायचा आणि त्यावर खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेल्या गुप्त आकड्याने, सही करायची. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलला तरी पडताळणी फसते. पीजीपी, म्हणजे ईमेल गुप्त ठेवण्याचं आणि त्यावर सही करण्याचं सॉफ्टवेअर, फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये आणलं, आणि सही मजकुरातच ठेवण्याची ही पद्धत जुनी. सोय अशी, की सही न समजणाऱ्या प्रोग्रामलाही पत्र दाखवता येतं.

गैरसोयही तिथेच आहे. सही कुठे सुरू झाली हे प्रोग्रामला अक्षरं चाळूनच ओळखावं लागतं. तुमचीच एखादी ओळ आडव्या रेघेने सुरू झाली तर? ती त्या 'बिगिन'सारखी खुणेची ओळ वाटू नये म्हणून सही करताना तिच्याआधी आणखी एक रेघ आणि मोकळी जागा घातली जाते. जाणता प्रोग्राम ती काढून दाखवतो, अजाण प्रोग्राम तशीच ठेवतो. ओळीच्या शेवटची मोकळी जागा तर हिशेबातच धरत नाहीत, कारण वाटेत ती गळू शकते. पण वाटेत लांब ओळ मोडून दोन झाल्या, तर प्रामाणिक पत्रावरही 'सही चुकीची' असा शेरा येतो.

खरा घोळ मात्र सही बरोबर निघते तेव्हा होतो. ती फक्त दोन खुणांमधल्या मजकुराची हमी देते. विषय, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, खुणांच्या वर-खाली लिहिलेलं, हे सगळं बाहेरचं. प्रोग्रामने अख्ख्या पत्रावर 'सही बरोबर' अशी हिरवी पट्टी लावली, की कुणीही तुमचं जुनं सहीचं पत्र घेऊन त्यावर स्वतःचं वाक्य चिकटवू शकतो. एचटीएमएल, म्हणजे पत्राची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या, करामतीने मूळ मजकूर लपवूही शकतो. जर्मन संशोधकांनी 2019 मध्ये अशा फसवणुकी अनेक नावाजलेल्या प्रोग्राम्सवर करून दाखवल्या.

मग सही केलेल्या भागाभोवती चौकट काढावी? काढावीच, पण पत्राच्या आत काढलेली चौकट पाठवणाराही रंगवू शकतो. म्हणून शेरा पत्राबाहेर, प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत हवा. पीजीपी-माइम पद्धतीत सही पत्राचा वेगळा भाग म्हणून जाते, त्यामुळे खुणा शोधत बसावं लागत नाही. विषयाची ओळ मात्र तिथेही सहसा सहीबाहेरच राहते.