सुई, कॅप्सूल की जेल: टेस्टोस्टेरॉन उपचारांमागचा इतिहास

माझ्या मावसभावाच्या पिट्युटरी ग्रंथीवरची (मेंदूखालची, इतर ग्रंथींना कामाला लावणारी ग्रंथी) गाठ काढली, त्याला नऊ वर्षं झाली. नजर वाचली, पण ग्रंथीचं काम बरंचसं थांबलं. दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस जिना चढून आला की बसून राहायचा आणि दाढी आठवडा-आठवडा वाढायची नाही. रक्त तपासलं तेव्हा कळलं, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषपण घडवणारं हार्मोन, जवळजवळ संपलंय. तेव्हापासून त्याने या एकाच हार्मोनची वेगवेगळी रूपं वापरली आहेत. सदाशिव पेठेतल्या औषधाच्या दुकानात त्याच्यासोबत जाताना मला नेहमी वाटायचं, औषध एकच तर त्याला इतकी सोंगं कशाला? उत्तर शोधत गेलो तर पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हाती आला.

खरं तर मूळ गोष्ट आपल्या शेतकऱ्याला कधीपासून ठाऊक आहे. गोऱ्हा खच्ची केला की त्याचा बैल होतो: मान भरत नाही, माज उतरतो, जू खांद्यावर घेतो. चाकणच्या बाजारात बैल पारखणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण वृषणांतून नेमकं काय बाहेर पडतं आणि ते शरीरभर कसं पोहोचतं, हे कोणी दाखवलं नव्हतं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टहोल्डने १८४९ साली कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, आरवणं थांबतं. बेर्टहोल्डने काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं. जुन्या नसांशी त्याचा संबंध उरला नव्हता, तरी तुरा पुन्हा लाल झाला आणि कोंबडा आरवू लागला. म्हणजे निरोप नसांतून जात नव्हता, रक्तातून जात होता.

पुढचं पाऊल मात्र वाकडं पडलं. १ जून १८८९ रोजी पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या शार्ल ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर आपल्याला तारुण्य परत मिळालं. बातमी जगभर गेली, अर्कांचा बाजार उभा राहिला. गोम अशी की टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याचा अर्क पाण्यातला होता. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याची कृती पुन्हा करून पाहिली, तेव्हा त्यात उपयोगी पडण्याइतकं हार्मोन नव्हतंच. त्याला जाणवलेली ताकद खोटी नव्हती, पण ती अपेक्षेतून आलेली होती. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर आजही रंगवलेल्या ‘मर्दानी ताकद’च्या जाहिराती त्याच अपेक्षेवर चालतात आणि लाजेपोटी डॉक्टरकडे न जाणारा माणूस तिथे पैसे घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरा पदार्थ हाती यायला पुढे चार दशकं गेली, कारण तो शरीरात फारच थोडा असतो. शिकागो विद्यापीठाच्या फ्रेड कोख आणि लेम्युएल मॅकगी यांना शहरातले कत्तलखाने जवळ असल्याचा फायदा झाला. १९२७ साली त्यांनी सुमारे १८ किलो बैलांच्या वृषणांतून २० मिलिग्रॅम अर्क काढला. जर्मनीत आडोल्फ बुटेनांट्टने १९३१ मध्ये पोलिसांचं १५,००० लिटर मूत्र गोळा करून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन, म्हणजे त्याच जातीचं पण कमी ताकदीचं हार्मोन, वेगळं केलं. मे १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एर्न्स्ट लाकरच्या गटाने वृषणांतून शुद्ध हार्मोन मिळवून त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बुटेनांट्ट आणि लिओपोल्ड रुझिच्का यांनी एका आठवड्याच्या अंतराने ते कोलेस्टेरॉलपासून बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांत विभागून मिळालं. आता कत्तलखान्याची गरज उरली नाही आणि प्रश्न बदलला: हे माणसाला द्यायचं कसं?

आजच्या सगळ्या रूपांचा जन्म इथे आहे. शुद्ध टेस्टोस्टेरॉन तोंडाने घेतलं की आतड्यातून थेट यकृतात जातं आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. शिरेतून टोचलं तर काही मिनिटांत ते ओसरू लागतं. पहिला तोडगा म्हणून रेणूला मिथाइलचा एक तुकडा जोडला. मिथाइलटेस्टोस्टेरॉन यकृतातून सुटतं खरं, पण वर्षानुवर्षं घेतलं तर यकृतालाच बाधतं, कावीळही होते. म्हणून ते मागे पडलं.

दुसरा तोडगा मला सगळ्यांत सुंदर वाटतो. हार्मोनला चरबीप्रेमी आम्लाची शेपटी जोडायची आणि ते तेलात विरघळवून स्नायूत टोचायचं. तेलातून ते हळूहळू सुटतं, रक्तात आल्यावर शेपटी गळते आणि उरतं ते आपलंच टेस्टोस्टेरॉन. शेपटी जितकी लांब, तितकं सुटणं सावकाश. १९३७च्या सुमारास आलेलं प्रोपिओनेट आठवड्यातून दोन-तीनदा टोचावं लागे. पन्नाशीच्या दशकात एनान्थेट आणि सिपिओनेट आले आणि सुई दोन-तीन आठवड्यांवर गेली. आपल्याकडे बरीच वर्षं चाललेल्या मिश्र इंजेक्शनात चार वेगवेगळ्या शेपट्या मिळून २५० मिलिग्रॅम असतात आणि ते शेंगदाण्याच्या तेलात असतं. दाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

या सुयांचा दोष मावसभावाने अंगावर घेतलाय. पहिला आठवडा उसळता: झोप कमी, चिडचिड, चेहऱ्यावर मुरुमं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच जिना आणि तोच दम. मावशी म्हणायची, “सुई कधी घेतली ते याच्या आवाजावरून कळतं.” हार्मोन आधी गरजेपेक्षा वर चढतं आणि मग खाली घसरतं. रक्त घट्ट होण्याचा त्रासही या प्रकारात जास्त दिसतो, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांवर गेलं की डॉक्टर उपचार थांबवतात.

तोंडाने घ्यायचं रूप सत्तरच्या दशकात पुन्हा आलं, अंडेकॅनोएटची कॅप्सूल म्हणून. हिची शेपटी इतकी स्निग्ध की औषध जेवणातल्या चरबीसोबत लसिकावाहिन्यांतून रक्तात पोहोचतं आणि यकृताला वळसा पडतो. पण चहा-बिस्किटांवर घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. पोळी, भाजी, तूप-तेल असलेल्या पुऱ्या जेवणाबरोबरच घ्यायची, तीही दिवसातून दोनदा. दुपारचा डबा दोनला खायचा की चारला, हे ज्याच्या हातात नाही त्याला हे अवघड जातं.

त्वचेखाली पुरायच्या गोळ्या १९३७ पासून माहीत आहेत. नव्वदीत पॅच आले, आधी अंडकोषाच्या कातडीवर लावायचे, मग पाठीवर किंवा दंडावर. चिकटवलेल्या जागी पुरळ येणं ही त्यांची जुनी तक्रार. पॅच मी पुण्याच्या दुकानांत कधी पाहिला नाही.

जेल अमेरिकेत २००० साली मंजूर झालं. सकाळी आंघोळीनंतर खांद्यांना आणि दंडांना चोळायचं. त्यातला साधारण दहावा हिस्सा आत शिरतो आणि कातडीच कोठार बनून दिवसभर पुरवत राहते. पातळी यात बरीच सपाट राहते. पण जेल दुसऱ्याच्या अंगालाही लागतं. लहान मुलांमध्ये वयाआधीच वयात येण्याची लक्षणं दिसली आणि २००९ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. मावसभाऊ जेल वापरायचा तेव्हा त्याची मुलगी दोन वर्षांची होती आणि झोपायची ती बाबाच्या खांद्यावरच. हात धुवून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून त्याने काही महिने काढले, मग जेल सोडलं.

ती मुलगी झाली कशी, ही गोष्ट मला प्रत्येक तरुणाला सांगावीशी वाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, तो वृषणांना संदेश धाडणं थांबवतो आणि शुक्राणू कमी होतात, कित्येकदा शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये दर आठवड्याला एनान्थेटचं इंजेक्शन देऊन ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, इतका हा परिणाम भरवशाचा. म्हणून मूल हवं होतं तेव्हा मावसभावाचं टेस्टोस्टेरॉन बंद करून महिनोन् महिने वृषणांना थेट कामाला लावणाऱ्या एचसीजी आणि एफएसएच या हार्मोन्सची इंजेक्शनं दिली. जिममध्ये कोणाच्या सांगण्यावरून ‘कोर्स’ मारणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला हे आधी कोणी सांगत नाही. हे औषध चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे.

चिठ्ठी लिहिण्याआधी सकाळी, शक्यतो दहाच्या आत, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासावं लागतं, कारण दिवस चढतो तशी पातळी उतरते. पोट सुटलं की ती तशीही कमी दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस बारीक दिसूनही आत चरबी बाळगतो हे जगाला दाखवलं. त्यामुळे आपल्याकडे वजनकाट्यावर फार विसंबता येत नाही. कित्येकांना चरबी उतरवल्यावर औषध लागतच नाही.

हृदयाची धास्ती २०१३-१४ मधल्या दोन अमेरिकी अभ्यासांनी निर्माण केली. २०२३ मध्ये ४५ ते ८० वयाच्या ५,२४६ पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला: जेल घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण औषधाविना जेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त नव्हतं. ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त आढळल्या. ज्यांना खरी कमतरता आहे त्यांना यातून धीर मिळावा. नुसत्या थकव्यावर औषध मागणाऱ्यांसाठी ती चाचणी नव्हती.

मावसभाऊ आता अंडेकॅनोएटच्याच इंजेक्शनवर आहे, जे युरोपात २००४ च्या सुमारास आलं. १,००० मिलिग्रॅम, आणि यावेळी तेल एरंडेल. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, मग दर दहा ते चौदा आठवड्यांनी एक. सुई कुल्ल्यात, अगदी सावकाश द्यायची. तेलाचे थेंब फुप्फुसात गेले तर खोकल्याची उबळ येते, म्हणून नंतर अर्धा तास बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात तो घरी फोन करतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढच्या सुईची तारीख लिहायला सांगतो. हल्ली ते लेकीचं काम आहे, आकडे अजून उलटे येतात तरी.