मशीन मूळचंच आहे का? घड्याळाला कान लावा

जुनं घड्याळ घेताना लोक मागचं झाकण उघडतात, मशीनवर कंपनीचं नाव दिसलं की खूश. पण नाव बरोबर असूनही मशीन दुसऱ्याच मॉडेलमधून काढलेलं असू शकतं. आणि उलटंही होतं, सुरुवातीच्या रोलेक्स डेटोनात वाल्जू या दुसऱ्या कंपनीच्या ७२ नंबरच्या मशीनवर बेतलेलं मशीन असायचं, म्हणून दुसऱ्याचं मशीन दिसलं की लगेच डुप्लिकेट म्हणून ओरडू नका. मशीनमध्ये मागेपुढे झोके घेणारं चाक असतं, ते बॅलन्स व्हील, त्याच्या आसपास बऱ्याचदा कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा नंबर, कोरलेला असतो, तो त्या मॉडेलशी आणि त्या सालाशी जुळतो का ते बघायचं.

पण मला खरी मजा येते टिकटिक मोजण्यात. बॅलन्स व्हील म्हणजे शाळेतल्या लंबकाचाच भाऊ, फक्त त्याला गुरुत्वाकर्षणाऐवजी हेअरस्प्रिंग नावाची केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचते. स्प्रिंग कडक तर झोका जलद, चाक जड तर झोका सावकाश, आणि दर अर्ध्या झोक्याला एक टिक. ओमेगा स्पीडमास्टरचं ३२१ कॅलिबर तासाला १८,००० टिक देतं, म्हणजे सेकंदाला ५, आणि त्याच्या जागी १९६८ मध्ये आलेलं ८६१ देतं २१,६००, म्हणजे ६. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, स्लो करून ऐका, झाकण न उघडता कळतं!

मग नुसता बॅलन्स बदलून फसवता येईल का? नाही, कारण पुढची दातेरी चाकं टिकाच मोजत असतात, ५ च्या मशीनला ६ चा बॅलन्स बसवला तर घड्याळ तासाला १२ मिनिटं पुढे पळेल. शिवाय वारंवारता ही स्प्रिंगचा कडकपणा भागिले चाकाचं जडत्व याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, म्हणजे ५ चे ६ करायला ते गुणोत्तर १.४४ पट करावं लागतं. अर्थात १८,००० वाली कॅलिबर्स ढीगभर आहेत, त्यामुळे टिक वेगळी निघाली तर संशय पक्का, जुळली तर फक्त थोडा कमी.

घड्याळावर लिहिलेल्या ज्वेल्सच्या आकड्याला मात्र भुलू नका. ती कृत्रिम माणकं असतात, काम घर्षण कमी करणं, आणि साध्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात.

डायल काढता आली तर मागे दोन बारीक खुंट्या दिसतील, त्यांची जागा कॅलिबरप्रमाणे बदलते. खुंट्या कापून डायल चिकटवलेली असेल तर मशीन किंवा डायल बदलल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. खिशातल्या जुन्या अमेरिकन घड्याळांत मात्र केस आणि मशीनचे नंबर जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, वॉल्थम, एल्जिन या कंपन्या बहुतेकदा नुसतं मशीन विकायच्या आणि केस गिऱ्हाईक दुकानात वेगळी निवडायचं.