बोअरच्या मोटारीची कॉइल जळाली का जॉइंट गेला? मीटरवरचा आकडा नाचायला लागला तर

बोअरची मोटार बंद पडली की आपल्याकडं पहिला शब्द तोंडात येतो तो "जळाली". बीड घ्या, जालना घ्या, लातूर-परभणी घ्या, सगळीकडं तेच. मल्टिमीटर लावला, एकदा 6 ओहम (ओहम म्हणजे रेझिस्टन्स, करंटला होणारा अडथळा, मोजायचं माप) दाखवलं, परत लावला तर 8, तिसऱ्यांदा साडेसहा, झालं, कॉइल (मोटारीतले तारेचे वेढे) गेली, काढा मोटार. मग चेन-कप्पी आणा, चार माणसं गोळा करा, सहाशे फूट पाईप वर ओढा, आणि मोटार भरणाऱ्याच्या, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळणाऱ्याच्या, दुकानात टेस्ट केली की कळतं मोटार ठणठणीत हाय, गेला होता तो केबलचा जॉइंट. दुकानदार काही सगळेच लबाड नसतात, पण मोटार दारात आलीच हाय म्हटल्यावर "भरूनच घ्या आता" असं म्हणणारे भेटतात.

तर कॉइल जाणं आणि जॉइंट जाणं, या दोन्हीची लक्षणं वरून सारखीच दिसतात. मोटार गुंगते, उचलत नाही, स्टार्टरमधला ओव्हरलोड ट्रिप मारतो म्हणजे मोटार आपोआप बंद करतो, पाणी कमी येतं. पण मीटरवर दोघांची चाल वेगळी असते. लूज जॉइंट, कार्बन धरलेलं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी), ढिला स्क्रू यानं रेझिस्टन्स फक्त वाढतो, कमी कधीच होत नाही. पाईपात बोळा अडकला तर पाणी कमीच येणार, तसंच हे. उलट कॉइल जळते तेव्हा तारेवरचं इन्सुलेशन जातं, वेढे एकमेकाला चिकटतात, करंटला शॉर्टकट मिळतो आणि रेझिस्टन्स घटतो. म्हणून आकडा पाहिजे त्यापेक्षा जास्त येत असला आणि वर हलत बी असला तर आधी जॉइंटवर संशय घ्यायचा, आणि आकडा कमी येऊन तिथंच ठाम बसला असला तर मग कॉइलकडं बघायचं. आतली तार तुटली तर काय ते पुढं सांगतो, तिथं हा हिशोब चालत नाही.

थ्री फेजची मोटार असली तर काम सोपं हाय कारण तीन जोड्या एकमेकीशी ताडून बघता येतात. आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, टेस्टरनं खात्री, आणि मोटारीच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडवून मोकळ्या करायच्या, स्टार्टरला जोडलेल्या ठेवून मोजू नका. मग लाल-पिवळी, पिवळी-निळी, निळी-लाल असं मोजायचं. चांगल्या मोटारीत तिन्ही आकडे जवळपास सारखे, शंभराला पाचाच्या आत फरक. समजा पिवळी-निळी 6.3 आली आणि लाल ज्या दोन जोड्यांत हाय त्या दोन्ही 8.1-8.2 आल्या, तर लाल वायरीत कुठंतरी जॉइंट खराब हाय, कारण वाढ त्या एकाच वायरीच्या मागं फिरायली. आणि लालच्या दोन्ही जोड्या 5.4-5.5 आल्या, तिसरी 6.3, आणि कितीही वेळा मोजलं तरी तेच, तर लाल फेजची कॉइल आतून शॉर्ट हाय, निदान स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलींचं एक-एक टोक एकत्र बांधलेलं) तरी. डेल्टात (कॉइली टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) तिन्ही आकडे घसरतात, एक जास्त, दोन थोडे.

आता मीटरनं काहीच दाखवलं नाही, नुसतं ओएल (म्हणजे रस्ता तुटलेला, आकडा मीटरच्या मापाबाहेर) आलं तर? इथं गडबड होते. वायर जॉइंटमधून निसटली तरी ओएल, स्टारमधली एक फेज आतून तुटली तरी ओएल, वरून फरक कळत नाही. डेल्टात मात्र एक फेज तुटली तर ओएल येतच नाही, मोटारीच्या टर्मिनलवर एका जोडीचा आकडा तिप्पट होतो आणि बाकी दोन दीडपट, आणि हे आकडे जागचे हलत नाहीत. म्हणजे जास्त आकडा दिसला की डोळे झाकून जॉइंट म्हणायचं नाही, तो हलतो का, आणि एकाच वायरीमागं फिरतो का, हे दोन्ही बघायचं.

हलतो का ते बघायची सोपी रीत म्हणजे दुसऱ्या माणसाला मीटर धरायला लावायचं आणि आपण वरून केबल हळू ओढायची, वाकवायची, बोअरच्या तोंडापाशी जिथं केबल घासते तिथं विशेष करून. आकडा उड्या मारायला लागला तर चोर सापडला. पण तीनशे फुटावरचा जॉइंट वरून हलवून हलत नाही, तिथं हा उपाय चालत नाही. आणि आपल्याकडं असे जॉइंट लय असतात, कारण पाणी खाली गेलं की दरवर्षी मोटार अजून खाली सोडायची आणि केबल पुरत नाही म्हणून तुकडा जोडायचा. काळ्या टेपचे चार वेढे मारून पाण्यात सोडलेला जॉइंट टिकावा तरी कसा? क्रिम्प करून (टोकं धातूच्या नळीत दाबून), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवून किंवा पाण्यातल्या जॉइंटचं किट वापरून केला तर टिकतो, पण तो खर्च पाहिला की "टेपच मार रे" होतं.

आता मीटर स्वतः किती फसवतो ते बी बघा, कारण मोटारीचा आकडा काही ओहमचाच असतो आणि तिथं अर्धा ओहम इकडंतिकडं झाला तरी मोठा वाटतो. मीटरच्या दोन पिना एकमेकीला टेकवून बघा, 0.2 ते 0.5 येतं, ते आपल्या रीडिंगमधून वजा करायचं. सेल उतरला असला तर आकडा भलताच येतो. वायरीच्या टोकावर हिरवट-काळा थर असला तर ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं चकचकीत केल्याशिवाय मोजूच नका, नाहीतर दर वेळी पीन जिथं टेकेल तिथला वेगळा आकडा येणार आणि दोष मोटारीचा निघणार. सगळ्यात जास्त फसवते ती केबलची लांबी. 2.5 एमएमच्या तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स किलोमीटरला साडेसात ते आठ ओहम असतो. सहाशे फूट म्हणजे सुमारे 183 मीटर, जाऊन-येऊन 366, म्हणजे नुसत्या केबलचेच पावणेतीन-तीन ओहम. मोटार स्वतः साडेतीन ओहमची असली तर वरती सव्वासहा-साडेसहा दिसणार. कंपनीच्या कागदावरचा आकडा मोटारीच्या टर्मिनलवरचा असतो, तो वरच्या आकड्याशी ताडून "दुप्पट यायलंय" म्हणून घाबरणारे बघितलेत.

आणखी एक फसवणारी गोष्ट उष्णता. तांबं तापलं की दहा डिग्रीमागं रेझिस्टन्स शंभराला चार वाढतो. आत्ताच बंद झालेली मोटार आतून चाळीस डिग्रीनं गरम असली तर तिचे साडेतीन ओहम चारच्या वर जातात. सकाळी एक आकडा आणि दोन तास पाणी दिल्यावर दुसरा, यात दोष काहीच नाही, फक्त तिन्ही जोड्या सारख्याच वाढलेल्या पाहिजेत. एकच वाढली तर तो गरमीचा प्रकार नव्हे.

मग मेगर कशाला, असं पोरं विचारतात, मल्टिमीटर हाय की. मल्टिमीटर हे छोट्या सेलवर चालणारं, ते तार जुळलेली हाय का आणि तिचे ओहम किती एवढंच सांगतं. कॉइलचं इन्सुलेशन बॉडीकडं गळतंय का हे बघायला 500 व्होल्टचा मेगर लागतो, तो वायर आणि अर्थिंगमध्ये लावतात. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटार चालवू नये असा जुना हिशोब. इथं दुसरी चूक होते, मेगर शून्य आला की लगेच मोटार जळाली म्हणतात, पण पाण्यातल्या जॉइंटमध्ये ओल शिरली किंवा केबल घासून तांबं उघडं पडलं तरी मेगर शून्यच येतो, आणि तेव्हा ओहमचे तिन्ही आकडे मात्र एकदम बरोबर असतात. मोटार वर काढावी लागली तरी भरायला टाकायच्या आधी मोटारीजवळ केबल तोडून मोटार वेगळी, केबल वेगळी मेगर करून घ्या. पाच मिनटाचं काम हाय, आणि गळती असलेली मोटार तशीच चालवली तर पाईपाला करंट उतरतो, त्यात जीव जातो, हे हसण्यावारी नेऊ नका.

ओहम बरोबर, मेगर बरोबर, तरी मोटार ट्रिप मारते, असं बी होतं. मीटर जॉइंटमधून अगदी बारीक करंट सोडतो, त्यात खराब जॉइंट बी चांगला दिसू शकतो. 5 एचपीची मोटार फेजला नऊएक अँपिअर घेते, तेवढा करंट अर्ध्या ओहमच्या खराब जॉइंटमधून गेला की त्या इंचभर जागेत चाळीस वॅटची गरमी तयार होते. पाण्यातला जॉइंट थंड तरी राहतो, स्टार्टरमधला टर्मिनल मात्र काळा पडतो, वास येतो, तो डोळ्यानं आणि नाकानं शोधायचा.

असं असलं तर टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) आणा, चालू मोटारीवर तिन्ही फेजचा करंट घ्या. एकीत जास्त आला तर बंद करून स्टार्टरवर मोटारीच्या तिन्ही वायरी एक-एक घर पुढं सरकवा, तिन्ही सरकवल्या की मोटार उलटी फिरत नाही, दोनच बदलल्या तर फिरते. परत करंट घ्या. जास्त करंट त्याच मोटार-वायरीबरोबर सरकला तर दोष खाली हाय, मोटारीत किंवा केबलमध्ये. स्टार्टरच्या त्याच घरात राहिला तर दोष लाईनचा, म्हणजे डीपीवरचं (ट्रान्सफॉर्मरवरचं) ढिलं जंपर, फ्यूजची ग्रीप, नाहीतर एका फेजला व्होल्टेज कमी. तेव्हा मोटारीला हात लावायचं कारणच नाही.

सिंगल फेजच्या मोटारीत तीन जोड्या सारख्या येतच नाहीत, त्यामुळं तिथं हा सगळा ताळा चालत नाही. तिथं कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग अशा तीन वायरी असतात. कॉमन-रनिंग सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्टिंग त्याहून जास्त, आणि रनिंग-स्टार्टिंग म्हणजे त्या दोन्हीची बेरीज. बेरीज जुळत नसली तर आधी मीटर आणि टोकं, मग जॉइंट, मग कॉइल. आणि आकडा हळूहळू चढत जाऊन ओएल होत असला तर ती कॉइलच नव्हे, तुम्ही पॅनलमधल्या कपॅसिटरमधून मोजायलाव. कपॅसिटर डिस्चार्ज करा, मोटारीच्या वायरी पॅनलमधून सोडवा आणि परत लावा.